मामांचा आभाळाचा ग्रुप

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात आज जो कोणी संध्याकाळी मान वर करून आभाळ बघत असेल, त्याला ती सवय आमच्या मामांनी लावलेली आहे, असं मी छातीठोकपणे सांगतो. यात थोडी अतिशयोक्ती असेलही, पण भाच्याला एवढी मुभा असते. ज्यांना सवय लागली नाही, त्यांचीही मान मामांनी निदान एकदा हनुवटीला हात लावून वर केलेली आहे. लग्नाच्या मांडवात केली, एसटीच्या थांब्यावर केली, एकदा तर दवाखान्याच्या दारात, डॉक्टर घरी जायला स्कूटर काढत असताना केली. "थांबा सायेब, घाई कसली? वर बघा. त्ये बघा तिकांडं उगवलं." डॉक्टर हेल्मेट काढून बघत राहिले. मामांना नाही म्हणणं कुणाला जमत नसे.

मामा वरकुट्याजवळच्या एका वस्तीवर राहायचे. सगळी वस्ती त्यांना आबा म्हणायची. तरुणपणी उसाला रात्रीचीच लाईट मिळायची, तेव्हा दारं धरता धरता, म्हणजे एक सरी भरली की पाणी फोडून दुसरीत सोडता सोडता, त्यांनी आभाळ पाठ केलं. आणि त्या आभाळातली नावं त्यांच्या आईकडून आलेली होती, पंचांगातली नव्हती. एका रेघेतल्या तीन चांदण्या म्हणजे तिकांडं. कृत्तिकांचा घोस म्हणजे मोहोळ. आकाशगंगेला ते पाट म्हणायचे आणि "वरच्या पाटाचं दार अजून कुणी उघडलं न्हाय, न्हायतर इंदापूर तालुका कधीच बागायती झाला असता," असं कालव्याच्या अधिकाऱ्याच्या सुरात सांगायचे. सप्तर्षी हा शब्द मात्र त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. "ऋषी कुठनं आलं तितं? नीट बघ. चार खूर हायत. बाज हाय ती, म्हातारीची. मागनं तीन चोर लागल्यात बाज पळवायला. म्हातारी झोपली की न्हेणार. म्हणून ती तवापासनं जागी हाय बिचारी." हे 'बिचारी' ते असं म्हणायचे, की म्हातारी शेजारच्या पिंपळीतली असावी आणि सकाळीच भेटून गेली असावी.

अशा माणसाच्या हातात पुण्याच्या लेकीनं, म्हणजे माझ्या मामेबहिणीनं, मोठ्या पडद्याचा मोबाईल दिला. लेकीचा हेतू साधा होता, रोज व्हिडिओवर आईवडिलांचं तोंड दिसावं. तिला तोंड फारसं दिसलं नाही. मामा फोन भाकरीसारखा तळहातावर आडवा धरायचे, त्यामुळं तिला बरेच दिवस त्यांच्या नाकपुड्या आणि घराचे पत्रे दिसत राहिले. फोनवर बोलताना मामा ओरडायचे. साधं ओरडणं नव्हे, ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारतात तसं. मामी चुलीपुढून म्हणायच्या, "त्यो डबा कशाला पायजे? नुसतं असंच वरडला तरी पुण्यापातुर जातंय."

पुढं मामांना फोटो काढता येऊ लागला आणि आम्हा नातेवाइकांचे काळे दिवस सुरू झाले. शब्दशः काळे. रोज संध्याकाळी मामांकडून आभाळाचा फोटो यायचा आणि त्यात काळ्या रंगाखेरीज काहीही नसायचं. खाली लिहिलेलं असायचं, 'बघा मोहोळ'. मी एकदा धीर करून बारामतीहून फोन लावला.

"मामा, फोटो काळा आलाय."

"काळाच येणार. आभाळ कसलं असतंय रात्रीचं?"

"पण चांदण्या दिसत नाहीत."

"भाचेराव, घाई करतुयास. जरा वेळ टक लावून बघ. आभाळात तरी एकदम दिसत्यात व्हय?"

मी टक लावून बघितलं. मोबाईलच्या काचेत मलाच माझं तोंड दिसलं.

शेवटी लेकीनं त्यांना बोलून पाठवायला शिकवलं, आणि तिथून आभाळाचा ग्रुप जन्माला आला. नावही तेच, 'आभाळ'. मामांच्या फोनमध्ये ज्याचा ज्याचा नंबर होता तो तो त्यात आला. भाचे, पुतण्या, व्याही, खतवाला, गॅसवाला, ते हेल्मेट काढलेले डॉक्टर. ग्रुप सोडणाऱ्याला दहा मिनिटांत फोन यायचा, "अरं, चुकून भाईर पडलास वाटतं. घेतलं बग परत आत." कुणी पुन्हा बाहेर पडायची हिंमत केली नाही. रोज दिवस मावळून अंधार पडला, की ग्रुपवर ती आरोळी यायची, "ऐका! आबा बोलतोय वस्तीवरनं. आज तिकांडं बाभळीच्या शेंड्याच्या वर हातभर आलंय. बाभळीच्या डाव्या अंगानं बघा." आता सुरतेतल्या पुतण्यानं आणि नागपूरच्या व्याह्यांनी ही बाभळ कुठं शोधायची? पण मामांना त्यांच्या दारातली बाभळ साऱ्या जगाच्या पूर्वेला आहे, याबद्दल शंका नव्हती.

आम्ही हसायचो. पण एक दिवस माझ्या मुलीनं विचारलं, "बाबा, खूर म्हणजे काय? गाईचे असतात ते?" मामांचा बाजेचा निरोप तिनं ऐकला होता. बाज ही वस्तूच तिनं बघितलेली नव्हती. मी तिला सांगायला बसलो, बाजेला चार खूर असतात, सुंभानं विणतात, पायाशी वीण ताणायची दावण असते, आणि सांगता सांगता लक्षात आलं, की हे शब्द कितीतरी वर्षांत माझ्या तोंडातून गेलेच नव्हते. पुढं ती रोज संध्याकाळी माझ्याआधी फोन घेऊन गच्चीवर जायला लागली. जोरात बोलताना ती मामांसारखं 'हाय' आणि 'न्हाय' म्हणायची आणि तिची आई माझ्याकडं बघायची.

मग वस्तीवर दिवा आला.

चौकात उंच खांब, त्यावर पांढरेफेक दिवे. वस्तीला केवढा आनंद झाला. सगळ्यात जास्त आनंद झाला तात्यांना. तात्या म्हणजे मामांचे शेजारी; हाकेच्या अंतरावरचे, म्हणून त्यांचा नंबर मामांच्या फोनमध्ये कधी आलाच नव्हता. चौकात त्यांचं चहा-भज्यांचं हॉटेल, आणि हा दिवा यावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं इंदापूरला खेटे घातलेले. दिव्याची पेटी त्यांच्याच भिंतीवर बसली आणि लावायचं-मालवायचं काम त्यांनी मोठ्या अभिमानानं अंगावर घेतलं. त्या संध्याकाळी दिवा लागला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मामांच्या दारातून आभाळ गेलं. मोहोळ गेलं, पाट गेला, तिकांडं नुसतं असल्यासारखं वाटत राहिलं.

मामा दोन शेतं ओलांडून अंधारात जायला लागले. एकदा बांधावरून घसरून पडले, गुडघा सुजला. मामींनी शेतात जायला बंदी केली. तेव्हा मामांनी तात्यांना साधी विनंती केली, की अंधार पडल्यावर अर्धा तास दिवा उशिरा लाव. तात्या म्हणाले, "आबा, त्याच वक्ताला गिऱ्हाईक असतंय. चांदण्या काय भजी खाणार हायत का?" हॉटेलात हशा झाला. मामा रोज जायचे, रोज तेच मागायचे, रोज हशा व्हायचा. त्यांच्या आवाजातला जोर कमी होत गेला. ग्रुपवर एक दिवस निरोप आला, "आज दिसलं न्हाय. उद्या बघू." उद्याही तेच. मग निरोपच येईनात. खरं सांगायचं तर ग्रुपमधल्या बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं, की आपण रोज त्या आरोळीची वाट बघत होतो.

मी रविवारी वस्तीवर गेलो. दिवस मावळताना मामा मला घेऊन हॉटेलात गेले. तात्या कढईपाशी होते. मामांनी पुन्हा विषय काढला.

"तुमच्या चांदण्या ऐकतंय तरी कोण, आबा?" तात्या झारा हलवत म्हणाले. "खुळ्याच्या नादी कोण लागतंय?"

मामांना ते लागलं. "कोण ऐकतंय? थांब, दावतो." त्यांनी फोन तळहातावर आडवा घेतला. मागच्या महिन्यात एका बाईंनी सांगलीहून कौतुकाचं बोलून पाठवलं होतं, ते त्यांना ऐकवायचं होतं. त्यांचं जाड बोट पडद्यावर इकडं तिकडं फिरलं आणि भलत्याच ठिकाणी पडलं. आवाज नेहमीप्रमाणं पूर्ण मोठा होता.

"आबा, मी संतोष बोलतोय, मस्कतवरनं. लय दिवस तुमचा आवाज न्हाय आला. बरं हाय न्हवं? हितं क्रेनवरनं उतरलो की मी तिकांडं बघतो. आपल्या चौकातनं दिसतंय का हो अजून? हॉटेलाच्या पत्र्यावर यायचं बघा. तात्या मला खांद्यावर घिऊन दावायचं."

संतोष हा तात्यांचा एकुलता मुलगा. हॉटेलात बसायचं नाही म्हणून बापाशी भांडून गेलेला. आईला फोन करायचा. बापाचं नाव काढत नसे, आणि बापही त्याचं.

मामा ओशाळले. फोन खिशात घालायची त्यांची धडपड चालली होती. "चुकून लागलं, तात्या. त्यो मला सांगू नका म्हणला हुता. पोरगं ग्रुपात हाय, हे मी तुला बोललो न्हाय कधी."

कढईतली भजी करपत होती. तात्यांनी झारा खाली ठेवला, हात पुसले आणि फार हळू आवाजात म्हणाले, "आबा, परत लावा की."

मामांना ते परत लावता येईना. मी लावून दिलं. तात्यांनी ते उभ्यानं ऐकलं, मग बाकावर बसून ऐकलं. नंतर उठले आणि भिंतीवरच्या पेटीपाशी गेले. दिवा लावायची वेळ झाली होती. गिऱ्हाइकं बघत होती. पेटी न उघडताच ते बाहेर चौकात आले आणि मामांच्या शेजारी उभे राहिले. हळूहळू अंधार झाला, तशा एकेक चांदण्या आल्या. पत्र्याच्या वर तिकांडं लख्ख दिसायला लागलं. मामांनी फोन तात्यांच्या तोंडापुढं धरला. तात्या जरा वाकले. दोनदा खाकरले.

"संतोष," ते म्हणाले, "हितनं दिसतंय रं. पत्र्यावरच हाय."

एवढंच. उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा तात्या फोन कानाला लावून हॉटेलाच्या मागं गेले, त्यामुळं त्यात काय होतं ते मला माहीत नाही. पण त्या दिवसापासून वस्तीचा दिवा अर्धा तास उशिरा लागतो, आणि त्यानंतरच्या सुट्टीत संतोष आला तो थेट हॉटेलातच उतरला. बापाच्या शेजारी बसून त्यानं कांदा चिरून दिला, असं मामींनी मला फोनवर तीनतीनदा सांगितलं.

आता मामा पुण्यात लेकीकडं असतात. गुडघ्यानं अखेर दगा दिला, जमीन वाट्यानं दिली, गाय तात्यांच्या गोठ्यात गेली. लेकीचं घर वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात. आभाळाच्या ग्रुपवर रोजचा निरोप तात्या पाठवतात. मामांच्या दारात जाऊन उभे राहतात आणि बोलतात. पण तात्यांचं आभाळ कच्चं आहे. मोहोळाला तिकांडं म्हणतात, आणि परवा तर बाज उगवायच्या कितीतरी आधीच त्यांनी म्हातारीची चौकशी केली.

गेल्या आठवड्यात मी पुण्याला गेलो होतो. निरोप आला, पुन्हा चुकीचा. मी म्हणालो, "मामा, सांगा की त्यांना एकदा. तुम्ही एवढे कडक, आणि आता गप्प?"

मामांनी फोन तळहातावर घेऊन निरोप परत लावला आणि माझ्याकडं बघून हात हलवला, गप्प बस म्हणून. तात्या काहीतरी सांगत होते. त्यांच्या आवाजामागं वारा होता, लांबवर कुणाची तरी मोटर चालली होती, कुणीतरी बादली आपटली. मग मध्येच एक गाय हंबरली.

"आपली हाय," मामा म्हणाले.

मामी स्वयंपाकघरातून ओले हात घेऊन आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. निरोप संपला. मामांनी तो पुन्हा लावला.