अर्धं छापलेलं वाक्य

आळेफाट्याच्या एसटी स्टँडवरचा पेपरवाला माझ्यासाठी शनिवारची पुरवणी बाजूला काढून ठेवायचा. त्या शनिवारी मी ती तिथेच उभ्या उभ्या उघडली. माझा लेख आतल्या पानावर होता. मी लिहिलं होतं, ‘या नव्या सीडीत आवाज वाढला आहे आणि गाणं कमी झालं आहे.’ छापलं होतं, ‘या नव्या सीडीत आवाज वाढला आहे.’ पुढे पूर्णविराम. वर मथळा ठोकला होता, ‘जुना बँड, नवा दणका!’ आणि खाली तीच सीडी विकणाऱ्या पुण्यातल्या दुकानाची जाहिरात, माझ्या लेखापेक्षा मोठी.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, सोडून द्या आता. मी सोडलेलं नाही.

आमचं घर आळ्याचं, कांदा-टोमॅटोवर चालणारं. मी पुण्याला शिकायला होतो तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीतल्या मुलाकडे रेकॉर्ड प्लेअर होता आणि इंग्रजी रॉकच्या रेकॉर्डी होत्या. पहिले काही आठवडे मी उशीखाली डोकं घालून झोपायचो. मग एके दिवशी पावसात कुठे बाहेर जाता येईना म्हणून एक आख्खी बाजू नीट ऐकली, आणि त्यानंतर माझं काही खरं राहिलं नाही. जुन्या बाजारात दर रविवारी जाऊन मी रेकॉर्डी गोळा केल्या. नव्वदच्या सुरुवातीला शिक्षण संपवून गावी परतलो तेव्हा टेम्पोत कपड्यांपेक्षा खोकीच जास्त होती. वडिलांनी खोकी उतरवायला हात लावला, पण आत काय आहे ते विचारलं नाही. त्यांना ते बहुतेक ऐकायचंच नव्हतं.

माडीवरच्या खोलीत मी सगळं मांडलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना बारदान ठोकलं. विजेचा दाब खाली-वर व्हायचा म्हणून स्टॅबिलायझर घेतला. दुपारी शेतातून आलो की तासभर ऐकायचो. शेजारचा भाऊबंद खालून ओरडायचा, “राव, ह्ये गाणं हाय का पंपाची मोटार जळाली?” मी खिडकी लावून घ्यायचो. लग्न झाल्यावर बायकोही सुरुवातीला खिडकीच लावायची, पण माडीवरची नव्हे, स्वयंपाकघराची.

पुण्याच्या त्या पेपरच्या पुरवणीत इंग्रजी संगीतावर काहीतरी भयंकर चुकीचं छापून आलं, म्हणून मी एक खरमरीत पत्र पाठवलं. संपादकांनी उलट मलाच लिहायला सांगितलं. अशी माझी लेखमाला सुरू झाली. फाट्यावरच्या एसटीडी बूथमधून मी लेख फॅक्स करायचो. बूथवाला पानं मशीनमध्ये सरकवताना वाचायचा आणि म्हणायचा, “लई भारी लिवता, पर कळत काय न्हाई.”

दोन हजारनंतर जुन्या अल्बमच्या नव्या सीडी यायला लागल्या. वेष्टनावर ‘रीमास्टर’ असं लिहिलेलं असायचं. म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची टेप पुन्हा काढायची, साफ करायची आणि नव्याने सीडी बनवायची. ऐकायला किती चांगलं वाटतं! अशीच एक सीडी पेपरने मला परीक्षणासाठी पाठवली. एका ब्रिटिश बँडचा सत्तरच्या दशकातला अल्बम. त्याची रेकॉर्ड माझ्याकडे होती, आणि तिचा ओरखडा न ओरखडा मला पाठ होता.

मी घाई केली नाही. दोन आवाजांची तुलना करताना जो जरा मोठा असतो तोच कानाला चांगला वाटतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. म्हणून आधी दोन्हींचा आवाज सारखा करून घेतला. मग बायकोला म्हटलं, “मी भिंतीकडे तोंड करून बसतो. तू बटण फिरवत राहा. कधी रेकॉर्ड लाव, कधी सीडी. मला सांगू नकोस.”

“आणि मला काय मिळणार?” ती म्हणाली, पण बसली.

त्या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला एक लांबलचक गाणं आहे. सुरुवातीला नुसती गिटार, अगदी हळू. गाणारा ओळ सुरू करण्याआधी श्वास घेतो, तो ऐकू येतो. बराच वेळ असंच चालतं आणि मग ड्रम येतात. रेकॉर्डवर ते येतात तेव्हा छातीत धस्स होतं. सीडीवर ते आले आणि काहीच झालं नाही. कारण सुरुवातीची गिटारच ड्रमइतकी मोठी करून ठेवली होती. हळू असं काही उरलंच नव्हतं. टेपची बारीक सळसळ पुसून टाकली होती, आणि ती पुसताना झांजेवर काठी पडल्यावर मागे रेंगाळणारा नादही पुसला होता. श्वास तर गेलाच होता. गाणारा माणूस श्वास न घेता गात होता.

मी प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. शेवटी बायको म्हणाली, “अहो, यात ओळखायचं काय? एकात एक बोलतो, मग दुसरा बोलतो. दुसऱ्यात सगळे एकदमच बोलतात. आमच्या शाळेतल्या स्टाफरूमसारखं.”

तिचं हे वाक्य मी लेखात घातलं होतं. तेही त्यांनी कापलं.

त्या शनिवारी स्टँडवरूनच मी संपादकांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “जागा कमी होती हो. आणि तुमची भाषा जरा कडक होती.”

“तुम्ही अर्थ उलटा केलात.”

“उलटा कुठे? आवाज वाढला आहे असं तुम्हीच लिहिलंय की.”

मी फोन इतक्या जोरात आपटला की बूथवाला दचकून उठला.

पुढचे काही दिवस मी घरात सगळ्यांवर चिडचिड केली. आणि मग एका रविवारी दुपारी एक माणूस स्कूटरवरून दारात आला. साधारण माझ्याच वयाचा, अंगावर धुळीचा थर. तो आंबेगाव तालुक्यातला, घर घोडेगावला. आहुप्याच्या शाळेत गुरुजी होता. आठवडाभर तिकडे डोंगरात राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. आळ्यात माझं घर विचारत विचारत आला होता. पाणी दिलं तर घेतलं नाही. पिशवीतून तीच सीडी काढून त्याने ओट्यावर ठेवली.

“ह्ये तुमीच लिवलं व्हतं ना?”

“हो, पण—”

“तुमचं सगळं वाचतो मी. तुमी चांगलं म्हनलं म्हनून घेतली. आन माझ्याकडं जुनी कॅसेट व्हती, कॉलेजपासूनची. तिच्या खाचेवर चिकटपट्टी लावली, म्हंजे वरून टेप करता येतं, आन तिच्यावर पोरांची गाणी टेप केली, शाळेच्या गॅदरिंगसाठी. म्हनलं, आता नवी हाय, चांगली हाय, जुनी कशाला पायजे? काल घरी भावाच्या प्लेअरवर लावली. ह्ये काय हाय, भाऊ? ह्ये काय हाय? डोकं दुखलं माझं. मला वाटलं प्लेअरच बिघडला. पर प्लेअर ठीक हाय. मंग खोटं कोन बोललं?”

मला भयंकर संताप आला. त्याच्यावर नव्हे. तो बोलत होता तो शब्द न्‌ शब्द खरा होता. पण तो मला खोटारडा समजून इतक्या लांब आला होता, आणि मला खोटारडा ठरवायला माझंच नाव छापलेलं होतं. मी सगळं सांगितलं, वाक्य कसं होतं आणि कसं छापलं. तो ऐकून घेत होता, पण विश्वास ठेवल्यासारखा दिसत नव्हता. छापलेल्यावर आपल्याकडे माणसं फार लवकर विश्वास ठेवतात, तोंडी सांगितलेल्यावर ठेवत नाहीत.

“वर चला,” मी म्हणालो.

त्याला बारदानाच्या खोलीत बसवलं आणि रेकॉर्डची दुसरी बाजू लावली. सुई टेकली. तो बूट न काढताच खाली बसला होता. गिटार सुरू झाली तसा तो पुढे झुकला. श्वास ऐकू आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. ड्रम आले तेव्हा त्याने मान खाली घातली आणि गाणं संपेपर्यंत वर केली नाही.

“ही व्हती माझ्याकडं,” तो म्हणाला. “हीच व्हती. आन मी पुसली.”

जेवायला थांबा म्हटलं तर थांबला. जेवताना तो माझ्यापेक्षा जास्त तापला होता. म्हणाला, “चला पुन्याला. त्यांनला तोंडावर इचारू.”

त्याला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही मंचरच्या स्टँडवर भेटलो आणि पुण्याची एसटी पकडली. पिशवीत सीडी होती. रेकॉर्ड नेण्यात अर्थ नव्हता, पेपरच्या कचेरीत ती वाजणार कशावर? संपादक सभ्य माणूस निघाला, हे आणखी वाईट. त्याने खुर्च्या दिल्या, चहा मागवला, गुरुजींना आहुप्याचं जंगल कसं आहे ते विचारलं. मी एकच मागणी केली, की पुढच्या अंकात माझं पूर्ण वाक्य छापा आणि आधी अर्धं छापलं होतं असं लिहा.

“वाचकांच्या पत्रांत टाकतो,” तो म्हणाला. “वाचकाचं मत म्हणून.”

“मी वाचक नाही. लेख माझा आहे.”

“पण एवढा फरक असतो का हो खरंच? दाखवा बरं.” त्याने सीडी घेतली आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये घातली. कॉम्प्युटरला जोडलेले दोन पिटुकले स्पीकर होते. गाणं सुरू झालं. पंखा गरगरत होता, कुणीतरी टाइप करत होतं, बाहेर रिक्षा हॉर्न वाजवत होत्या, आणि त्या सगळ्याच्या वरून ती गिटार खणखणीत ऐकू येत होती. दोन-तीन जण टेबलाभोवती जमले. एक मुलगी म्हणाली, “वा! किती क्लिअर!”

“छान तर वाजतंय,” संपादक म्हणाला.

आणि तिथे ती खरंच छान वाजत होती. तेच तर दुखणं होतं. असल्याच स्पीकरवर, असल्याच गोंगाटात उठून दिसावी म्हणून ती तशी बनवली होती. त्यांना वाजवून दाखवता येईल असं माझ्याकडे काहीही नव्हतं. गुरुजी उठले. “तुमाला ऐकूच येत न्हाई,” ते म्हणाले. “तुमी दुसऱ्याचं काय छापनार?” सगळे हसले. वाईट हेतूने नाही, गंमत वाटली म्हणून हसले. त्या हसण्याचा राग मला आजही येतो. मी सीडी मागून घेतली, लेखमालेतून माझं नाव काढा म्हणून सांगितलं आणि बाहेर पडलो. चहा तसाच राहिला.

लेखमाला बंद पडली नाही. सदराच्या त्याच नावाखाली दुसरं कुणीतरी लिहायला लागलं. प्रत्येक नवी सीडी त्याला आवडायची. माझं पूर्ण वाक्य कधी छापलं गेलं नाही.

परतल्यावर मी चांगली कोरी कॅसेट आणली आणि गुरुजींना रेकॉर्डवरून तो अल्बम टेप करून दिला. दुपारी लाइट गेली की थांबायचो, आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. ते आहुप्याला शाळा सुटल्यावर सेल घालून तो ऐकायचे. अधूनमधून आळ्याला यायचे, तेव्हा आम्ही दोघं बाजारात आलेल्या नव्या रीमास्टर सीडी आणि माझ्या जुन्या रेकॉर्डी समोरासमोर लावून ऐकायचो. बहुतेक सीडी तशाच निघायच्या, सपाट आणि भुंकणाऱ्या. दरम्यान दुकानांतून जुन्या आवृत्त्या नाहीशा झाल्या. मागितली तर दुकानदार म्हणायचा, “साहेब, नवी आलीय की.” ज्यांनी पहिल्यांदा हीच ऐकली, त्यांच्यासाठी ते गाणं जन्मापासून असंच, श्वास नसलेलं.

मग त्या दशकाच्या शेवटाला तोच अल्बम पुन्हा आला. पुन्हा रीमास्टर. वेष्टनावर दावा होता, की मूळ टेपशी प्रामाणिक राहून, कलाकारांनी जसा ऐकला तसा. गुरुजींचा घोडेगावहून फोन आला, आता मोबाइलवर.

“भाऊ, घेऊ का?”

“थांबा. आधी मी ऐकतो.”

पुण्याहून मागवली. बायकोला पुन्हा बटणापाशी बसवलं आणि भिंतीकडे तोंड केलं. यावेळी माझे काही अंदाज चुकले. गिटार हळू होती. श्वास होता. ड्रम आले आणि छातीत धस्स झालं.

“चांगली आहे ना?” बायको म्हणाली. “मग चेहरा असा का?”

मी इतका चिडलो होतो की उठून येरझारा घालायला लागलो. म्हणजे त्यांना येत होतं! टेप खराब झाली नव्हती, यंत्रं कमी पडली नव्हती, माणसं बहिरी नव्हती. आधीची सीडी बनवतानाही त्यांना हे सगळं करता आलं असतं. त्यांनी मुद्दाम केलं नाही. आधी मोडून विकलं आणि आता दुरुस्त करून पुन्हा विकत होते, आणि आम्ही आभार मानावेत अशी अपेक्षा होती.

मी गुरुजींना फोन लावून हे सगळं ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे चांगली हाय,” ते म्हणाले.

“चांगली आहे म्हणूनच तर—”

“घेऊ का नको, येवढंच सांगा.”

मी सीडी तिच्या वेष्टनात परत घातली. मग “घ्या” म्हणालो, आणि फोन ठेवून बायकोवर उगाचच ओरडलो.