आप्पाच्या पोटातला पडदा

पिशवीमागं धरलेल्या पेपरातलं एकही अक्षर मला वाचता येईना. रोज भावाच्या पोटातून नळीनं त्या पिशवीत निघणारं पाणी पिवळसर पण नितळ असायचं, पलीकडची बारीक अक्षरंही दिसायची. त्या सकाळी ते तांदळाच्या धुवणासारखं गढूळ होतं. माझा धाकटा भाऊ दत्तू, गावाचा आप्पा, पोट धरून कुशीवर पडला होता. अंग तापलेलं. "आक्का, पोराला कळवू नगं, ड्युटीवर हाय," म्हणाला. मी त्याच्यासमोरच पोराला रांजणगावला फोन लावला.

दत्तूला जाऊन महिना उलटला. त्याच्या गावच्या विकास सोसायटीतल्या कामांबद्दल बाकीचे लिहितील. मला त्याची शेवटची वर्षं माहीत आहेत, तेवढीच लिहिते.

त्याच्या किडन्या गेल्या तेव्हा शिरूरच्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात मशीनवर जायचं, नाहीतर घरीच पोटातून रक्त साफ करायचं. दत्तू म्हणाला, "मशीनपाशी आयुष्य काढायचं न्हाई मला." म्हणून मी यवतहून कपडे घेऊन कारेगावला त्याच्या घरी आले. डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलं. आतड्यांभोवती पातळ ओला पडदा असतो, त्यामुळं ती एकमेकांवर घासत नाहीत. फुप्फुसांना आणि हृदयालाही असाच असतो. गुडघ्यातला पडदा वंगण करतो, नाकातला चिकट असतो, धूळ धरून ठेवतो. पोटातल्या पडद्यात बारीक रक्तवाहिन्या असतात. नळीनं औषधी पाणी आत सोडलं, काही तास ठेवलं, की रक्तातली घाण त्या पडद्यातून पाण्यात उतरते. मग ते काढून टाकायचं, नवं भरायचं. "आणि आजी, सगळ्यांवर कातडी. ती जंतूंना बाहेर ठेवते. नळीसाठी आपण तिलाच भोक पाडलंय. आता तिथं राखण तुमची."

घरी येताना दत्तू म्हणाला, "समद्या जागी पडदा हाय आक्का, तुझ्या जिभंवरच तेवढा न्हाई."

"म्हणूनच राखणीला मला आणलंय," मी म्हणाले.

पाणी बदलताना दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. आजाऱ्याला भेटायला आलेली माणसं मी ओट्यावरच बसवायचे. लोक रागावले. रागावू देत. पण ज्याच्या घरी सकाळपासून माणसांची ये-जा, त्याला बंद दार सोसत नव्हतं...

मी एक दिवस यवतला गेले आणि त्याच दिवशी घात झाला. पाणी गढूळ निघालं त्या दिवशी दवाखान्यात दत्तूनंच सांगितलं. तो पाणी बदलत होता, तेवढ्यात सोसायटीच्या निवडणुकीतला एक उमेदवार दारातून म्हणाला, "आप्पा, मत न्हाई मागत, निस्ता डोक्यावर हात ठेवा." दत्तूनं मास्क खाली केला, त्याला आत घेतलं, वाकलेल्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच हातानं नळी जोडली.

"न्हाई कसं म्हणायचं, आक्का?"

"तोंडानं म्हणायचं."

डॉक्टर म्हणाले, जंतू हटले नाहीत तर नळी काढावी लागेल. पडदा खराब झाला तर मशीनशिवाय इलाज नाही. पाण्यातूनच औषध सोडत होते. दत्तू भिंतीकडं तोंड करून पडायचा. मी रोज पिशवी उजेडात धरायचे. मग एका सकाळी पलीकडचं अक्षर लागलं.

"काय लिवलंय?" त्यानं विचारलं.

"निधनवार्ता. तुझं नाव न्हाई."

पोट दुखत असतानाही तो हसला.

तो उमेदवार निवडून आला. पेढे घेऊन आला तेव्हा मी त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. दत्तूनं आतूनच हाक मारली, "आशीर्वाद हितूनच घे रं बाबा!"

त्यानंतर दोन दिवाळ्या दत्तूनं स्वतःच्या घरात काढल्या. गेला तोही तिथंच, दुपारी जेवून आडवा झाला असताना, हृदय थांबून. त्या सकाळीही पाणी नितळ निघालं होतं. लोक म्हणतात, पोटाच्या आजारानं गेला. चूक आहे. पोटाच्या आजारातून दत्तू वाचला होता.