आंधळा झालेला दगड

शिरूरच्या माळावर तुळजाबाईला दोन नावं होती. तोंडावर तुळजाकाकू, पाठीमागं धारवाली. बहात्तरच्या दुष्काळात तिचं वय पंचेचाळिशीच्या घरात होतं. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि ऊसतोडीच्या टोळीत ती अर्धा कोयता होती. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हा टोळीचा कायदा; एकट्याला मजुरी अर्धीच. एकट्या बाईला मुकादम सहसा घेत नसे. तुळजाबाईला घेई, कारण टोळीच्या बाराही कोयत्यांना धार तिच्या हातची लागे. सहकारी कारखान्याच्या मजूर सोसायटीनं टोळीला एक मोठा खरबरीत दगड दिला होता. बाकीच्या बायका चुलीला लागल्या की ही त्या दगडापुढं बसे.

त्या साली टोळी निघायला चार दिवस राहिले असताना बंकट मुकादमानं तो दगड तिच्या उंबऱ्यात आणून टाकला.

"काकू, दगड मेला. कोयता नुसता घसरतोय. आता धारंचं काम ऱ्हायलं न्हाई, तवा तुमालाबी यंदा जागा न्हाई. घरी बसा."

"घरी बसून काय माती खाऊ? हिरीत पाणी हाय का कणगीत दाणा?"

तुळजाबाईनं तांब्यातलं पाणी बोटानं दगडावर सोडलं. चांगला दगड पाणी पिऊन टाकतो. इथं थेंब अळवाच्या पानावर राहावा तसा टपोरा उभा राहिला.

"मेला न्हाई ह्यो. आंधळा झालाय," ती म्हणाली. "मागल्या साली फडावर पाणी तुटलं, तवा करडीचं तेल घाला म्हणलं कोण?"

"तेलानं धार लागती, साऱ्या जगाला ठावं हाय."

"करडीचं तेल वाळलं की डिंक हुतंय, दगडाची भोकं बुजत्यात. मला कळत हुतं, तरी तुमच्या शब्दाखातर ह्याच हातानं वतलं. ती चूक माझी. पर चूक माझी तर दुरुस्तीबी माझीच."

"त्यापरीस वडाराकडून टाकी मारून घेतो. जात्याला मारतेत तशी."

"मारा की! कोयत्याला करवतीवाणी दाते पडतील. मंग ऊस तोडू नका, बाभळी कापा."

समोरच्या पारावर बसलेला टोळीतला आसाराम खो खो हसला. बंकट त्याच्यावर खेकसला, "गप बे!" आणि तुळजाबाईला म्हणाला, "सोमवारी ट्रक येतोय."

"मंग सोमवारीच बोलू."

गावात टँकर दोन दिसाआड यायचा. माणशी दोन घागरी. तुळजाबाईनं आपली एक घागर काहिलीत ओतली, तीत चुलीतली राख आणि धुण्याचा सोडा कालवला आणि गार पाण्यातच दगड ठेवून खाली मंद जाळ घातला. तापल्या पाण्यात गार दगड टाकला तर तडकतो, हे तिला माहीत होतं. शेजारची, टोळीतलीच मुक्ताबाई कपाळावर हात मारत आली.

"अक्का, प्यायचं पाणी दगडाला पाजती व्हय?"

"त्यो प्याला तर मी जगंन."

पाण्यावर तांबूस, चिकट साय येऊ लागली. ती काढून टाकायची, पुन्हा वाट बघायची. दोन दिवस तिनं घशाला कोरड पडू दिली, पण जाळ वाढवला नाही. दगड पाण्यातच निवू दिला. मग वाळल्यावर त्यावर थेंब सोडला. थेंब क्षणभर थांबला आणि आत मुरला.

एवढ्यानं भागलं नव्हतं. वापरून वापरून दगडाला मधोमध पोट पडलं होतं. वरचे कण झिजून गुळगुळीत झाले होते. ती कोरड्या सिंदफणा नदीत उतरली आणि वाळू चाळणीनं चाळली. बारीक वाळू टाकून दिली, कारण बारकीनं दगडाला नुसती चकाकी येते. जाडी, टोकदार तेवढी पदरात घेतली. जात्याची फुटकी तळी पालथी घालून त्यावर वाळू पसरली, पाण्याचा हबका मारला. दगडावर कोळशानं आडव्या-उभ्या रेघा ओढल्या आणि तो पालथा घालून घासायला बसली. गोल फिरवायचा, थोड्या वेळानं टोकं बदलायची. कडेच्या रेघा लगेच पुसल्या, मधल्या तशाच. म्हणजे खड्डा अजून आहे. रविवारी दिवस कलायला आला तेव्हा मधली शेवटची रेघ गेली. तिच्या बोटांची सालटं गेली होती. तळहात फिरवला, तर दगड मांजराच्या जिभेसारखा लागला.

सोमवारी ट्रक पारापाशी उभा राहिला. बंकटनं मुद्दाम आसारामचा सगळ्यात बोथट कोयता पुढं केला. तुळजाबाईनं दगड भिजवला, कोयता टेकवला. करकर असा जाडाभरडा आवाज निघाला. बंकटनं कडब्याचं एक वाळकं धाट दोन बोटांत सैल लोंबतं धरलं. तिनं कोयता फिरवला. खालचा तुकडा मातीत पडला, वरचा बंकटच्या बोटांत हललासुद्धा नाही.

"बसा काकू," तो म्हणाला. "अर्धा कोयता."

"पुरा."

"एकट्या बाईचा पुरा कोयता कुठं असतोय?"

"अर्धा मी तोडते, अर्धी ह्या बारा कोयत्यांची धार. न्हाई म्हणत असाल तर न्हाई. सहा कोयत्यास्नी धार लावीन, सहा तसेच. कोणते सहा, ते तुमी सांगा."

बंकटनं टोळीकडं बघितलं. ट्रकच्या फाळक्याला हात लावलेली माणसं तशीच थांबली होती. मुक्ताबाईनं चढवलेलं बोचकं खाली घेतलं आणि त्यावर बसली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

"पुरा," बंकट पुटपुटला.

"मोठ्यानं. आसारामला ऐकू न्हाई आलं."

"पुरा कोयता! चढा आता."

तुळजाबाई चढली. वरून वाकून तिनं हात पुढं केले.

"दगड द्या वर. आन् सावकाश, बंकटराव. आपटला तर फुटंल."

मुकादमानं दोन्ही हातांनी दगड उचलला.