पाणाड्याच्या पोराचं व्याख्यान

मी गेवराईत भौतिकशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव विज्ञानाची व्याख्यानं देतो. चहा मिळतो, शाल मिळते, कधीकधी श्रोतेही मिळतात. पण चकलांब्याचं, म्हणजे खुद्द माझ्या गावचं, बोलावणं मी कित्येक वर्षं टाळलं. माझे वडील, आबा, तिथले पाणाडे. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानभर फिरतात आणि नारळ उभा राहिला की तिथं बोअर मारायला सांगतात. त्यांना खोटं म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि खरं म्हणायची सोय नव्हती.

शेवटी सरपंचांनी धरलंच. शाळेच्या पटांगणात आबा पहिल्या रांगेत, इस्त्रीचं धोतर नेसून. कुकरची शिट्टी, सायकलचा ब्रेक वगैरे निभावलं. मग न्यूट्रिनोवर आलो. म्हटलं, सूर्याकडून येणारा हा कण दिसत नाही, लागत नाही, आत्ता कोट्यवधी तुमच्या अंगातून आरपार चाललेत. दोघातिघांनी अंग झटकलं.

मागून फळांचा गाडा लावणारे चाचा उठले. "सर, दिसत न्हाई, लागत न्हाई, तरी हाय म्हनता. मग नारळानं तुमचं काय घोडं मारलंय?"

पटांगण खदाखदा हसलं. मी म्हणालो, "चाचा, तो कण पकडायला जमिनीखाली पाण्याच्या मोठाल्या टाक्या बांधल्या. हिशोबापेक्षा कमी सापडले, तर तेही लिहून ठेवलं. नारळ हुकला, हे कुणी लिहितं का?"

बोलून गेलो आणि पस्तावलो. आबा उठले. मला वाटलं, निघाले. पण ते गावाकडे तोंड करून उभे राहिले.

"आमच्या सोताच्या रानात मी दोन बोर दावले. दोनी कोरडे गेले. पोराला ठाव हाय, पन बोलला न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

व्याख्यान संपताच आबांभोवती घोळका जमला. समजूत काढत असतील म्हणून जवळ गेलो, तर एकजण म्हणत होता, "आबा, मानूस लई खरा हाय तुमी. उद्या आमच्या रानात या." आणखी दोघांनी परवाचा दिवस धरला. विज्ञानाचा प्रसार हा असा झाला. मी चरफडत गावातल्या घरी जाऊन झोपलो.

सकाळी आबा नारळ घेऊन माझ्या उशाशी हजर.

"ऊठ, वही घे. पानी लागलं तर लिही, न्हाई लागलं तर तेबी लिही."

"इतकी वर्षं का नाही लिहिलंत?"

"मला कुटं लिवता येतंय?" आबा म्हणाले. "आन् तू कदी इचारलंच न्हाईस."