एक फॉर्म कमी होता

एलएलएमच्या शेवटच्या वर्षी प्रबंधाला मी हक्कसोड हा विषय घेतला. वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा बहिणी भावाच्या नावे का सोडतात, हे मला शोधायचं होतं. विद्यापीठातल्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, आधी गृहीतक मांड, मग लोकांत जा. मी ऐटीत लिहिलं, ‘कायदा माहीत नसल्यामुळे स्त्रिया सही करतात.’

फॉर्मचा गठ्ठा घेऊन महाड-पोलादपूरची गावं फिरले. सव गावात एक बाई अंगणात कुळीथ पाखडत होत्या. वाटा असतो हे सही करताना माहीत होतं का, मी विचारलं.

“म्हायत होतं की. पण भावाचं दार बंद करून जमीन घेऊन काय करू गो?”

ह्याला काही कायद्याचं ज्ञान म्हणत नाहीत, असं स्वतःशी म्हणून मी ‘नाही’च्या चौकटीत खूण केली. नात्यातल्या बायकांच्या फॉर्मवरही तेच केलं. मला शहाणपण फार होतं तेव्हा.

त्याच मुक्कामात आमच्या पोलादपूरच्या घरी भावाने माझ्यापुढे हक्कसोडीचा कागद ठेवला. वडील जाऊन वर्ष झालं होतं. सातबाऱ्यावर आई, तो आणि मी, अशी तिघांची नावं लागली होती.

“ताई, तुला काय समजवायचं? तू कायद्यातली हाय,” तो म्हणाला.

मला घरामागचा तुकडा हवा होता. कधीतरी तिथे स्वतःच्या दोन खोल्या बांधायच्या, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही. आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “सही कर गो. सणाला यायला घर नको काय?”

दोन दिवसांनी महाडच्या नोंदणी कार्यालयात गेलो. तिथे फोटो काढतात आणि सही येत असली तरी अंगठाही घेतात. स्वखुशीने सोडताय ना, असं साहेबांनी विचारलं. मी हो म्हटलं. राग यायला हवा होता, रडू यायला हवं होतं. काहीच आलं नाही. भूक लागली होती, तेवढंच आठवतं.

सही झाली की भावाने बहिणीला साडी घ्यायची, ही आमच्याकडची रीत. बाजारात दुकानदाराने विचारलं, घरात कार्य आहे का? आई हो म्हणाली. गठ्ठ्यात सगळ्यात वर होती ती साडी मी उचलली. भावाला बरं वाटलं. “आवडली ना?” त्याने दोनदा विचारलं.

हॉस्टेलवर येऊन फॉर्म लावायला बसले, तर ठरल्यापेक्षा एक कमी निघाला. कोरा फॉर्म घेतला आणि स्वतःचाच भरायला लागले. शिक्षण: एलएलएम, चालू. हक्क सोडला का: हो. मोबदला: साडी. सही करताना कायदा माहीत होता का, या प्रश्नापाशी पेन थांबलं. मग ‘हो’वर खूण केली.

मग बाकीचा गठ्ठा पुन्हा सोडला आणि सवच्या त्या बाईंचा फॉर्म शोधायला लागले.