खाजणातली पंगत

"ज्वारीचं पीठ इथं कुठं मिळतं, कोण जाणे बाप्पा!"

हे वाक्य ते मला म्हणाले नव्हते. समोरच्या फळीवरच्या सूपच्या डब्यांना म्हणाले होते, तेही सबंध सुपरमार्केटला ऐकू जाईल अशा आवाजात. मला ब्रिस्टलला येऊन थोडेच दिवस झाले होते. ऑफिसात बोलायचो ते इंग्रजी, आणि घरी बोलायला कोणी नव्हतं. माझी मान आपोआप वळली.

माकडटोपी घातलेले, साठीच्या आसपासचे एक गृहस्थ माझ्याकडे बघून समाधानानं हसत होते.

"आलास? कुठला?"

"बार्शीजवळचा, सर."

"सर नाही, काका. चल, पीठ घरी आहे."

पीठ कुठं मिळतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. घरी पाच किलोची पिशवी होती. ती हाक होती, आणि मी तिला फसलेलं पाखरू होतो. शहरात नवा आलेला मराठी माणूस शोधायची त्यांची ही पद्धत. माणसागणिक हाक वेगळी. "तुझ्यासारखा पोरगा भाकरीला वळतो," ते सांगायचे. "नागपूरचा असला तर नुसतं 'काय करून राहिला बे' म्हटलं की पुरे. पुणेकराला हाक मारायचीच नाही. त्याच्या शेजारी उभं राहून काहीतरी चुकीचं बोलायचं. दुरुस्त करायला तो आपणच येतो."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. परगावात आपल्याला कुणी ओळखत नसतं, तेव्हा ती आपल्याला जणू आधीपासून ओळखत असतात. कुठल्या वारी कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा, घरमालकाशी किती बोलायचं, हे सगळं मी काकांकडून शिकलो. आमच्या घरात शिकलेला मीच पहिला, त्यामुळे विचारायचं कुणाला, हा प्रश्न मला कायम असायचा. तो काकांनी सोडवला. त्याबदल्यात त्यांनी एकच काम सांगितलं: त्यांची बदकांची गोणी वाहायची.

काका मूळचे भंडारा जिल्ह्यातले, तळ्यांच्या मुलखातले. इथं एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्यात त्यांची सगळी नोकरी झाली. हिवाळ्यातल्या शनिवारी मात्र ते शेजारच्या डेरेकबरोबर सेव्हर्न नदीच्या मुखाशी, भरतीच्या पाण्याच्या खाजणात, बदकांच्या शिकारीला जायचे. डेरेक म्हणजे उंच, सावकाश बोलणारा, निवृत्त सुतार. मी पहिल्यांदा त्याला 'डेरेक सर' म्हणालो तेव्हा आपल्यामागे कोण उभं आहे ते त्यानं वळून पाहिलं होतं. बंदूक, परवाना, क्लबचं सभासदत्व हे सगळं डेरेकचं. शिट्ट्या आणि नकली बदकं ही काकांची. ही वाटणी काकूंमुळे झाली होती. "बंदूक या उंबऱ्याच्या आत येणार नाही," असं त्यांनी बजावलं होतं. प्लॅस्टिकच्या बदकांबद्दल मात्र त्या काही बोलल्या नव्हत्या.

नकली बदकं पाण्यावर सोडायची, तोंडानं त्यांची शिट्टी वाजवायची, मग वरून जाणाऱ्या खऱ्या बदकांना वाटतं, खाली आपलीच मंडळी निवांत आहेत, आपणही उतरावं. सगळी युक्ती एवढीच. काकांच्या बाबतीत ती एकदाही चालली नव्हती. त्यांच्या नकली बदकांमध्ये एकही खरं बदक कधी उतरलं नव्हतं. एकदा दुसऱ्या एका शिकाऱ्याचा कुत्रा पोहत येऊन त्यातलं एक तोंडात धरून घेऊन गेला, तेवढीच काय ती दाद.

म्हणून नवीन खरेदी करायची ठरली. त्या दुकानात मीही होतो. भिंतभर शिट्ट्या टांगलेल्या. दुकानदारीणबाई काही बोलायच्या आत काकांनी पहिली तोंडाला लावली. मोठ्या बदकाचा 'क्वाक क्वाक' आवाज.

"हे बदक नाही," काका म्हणाले, "हे सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. वर्गणी मागायला आलेत."

दुसरी अगदी बारीक वाजली. "हे तान्हं बाळ आहे. याच्या हाकेला आई येईल, बाकी कोण येणार?"

बाईंनी मुकाट्यानं काउंटरवर पुसायच्या ओल्या कागदांचा डबा आणून ठेवला. काकांनी तिसरी उचलली. ती विजन नावाच्या बदकाची शिट्टी. आवाज आधी वर चढला आणि मग दमल्यासारखा खाली आला, "फ्यूऽऊ." काकांनी डोळे मिटले. पुन्हा वाजवली.

"हे आमच्या तळ्यावरचं आहे रे राजा," ते म्हणाले. "थंडीत यायचे हे आमच्याकडं. सकाळी शाळेत जाताना बांधावरून ऐकू यायचं. तिकडून सायबेरियातून निघतात, काही इकडं येतात, काही आमच्याकडं जातात. म्हणजे गावाकडचीच माणसं की!"

मग नकली विजनं निवडायची. पोरगी बघायला गेल्यासारखे काका एकेकीचा चेहरा निरखत होते. "ही रुसलेली आहे. हिच्याशेजारी कोण बसेल? हा उपाशी दिसतो. याला बघून येणाऱ्याला वाटेल, इथं वाढत नाहीत." बाईंनी बॅटरीवर पंख फिरवणारं एक महागडं बदक दाखवलं. "हा लग्नातला व्हिडिओवाला आहे. जेवणाऱ्याच्या तोंडावर येतो. नको." नर विजनाच्या तांबूस डोक्यावर कपाळापासून पिवळसर पट्टा असतो, तो त्यांना फार आवडला. "बघ, गंध लावून बसलेत. आता नुसतं वाढायचं बाकी."

शिट्टी घरी आली आणि घरात नवाच गोंधळ सुरू झाला. काकूंच्या कुकरचं गास्केट जुनं झालं होतं, आणि त्याची शिट्टी हुबेहूब विजनासारखी, चढून उतरणारी. काका बाहेरच्या खोलीत सराव करत आणि काकू स्वयंपाकघरात मोजत. तिसरी शिट्टी झाली की गॅस बंद. त्यातल्या दोन काकांच्या असायच्या.

"अहो, डाळ दगडासारखी राहिली!" काकू ओरडायच्या.

"म्हणजे शिट्टी जमली!" काका बाहेरून आनंदानं म्हणायचे.

ती कचकचणारी डाळ मी आणि डेरेकनं पुष्कळ खाल्ली. डेरेकला वाटायचं, वरण असंच असतं.

त्या घराची एक रीत इथंच सांगतो. काकू कायम एक ताट जास्त मांडायच्या. आम्ही चौघं असलो की पाच. कोणी यायचंय का, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तर म्हणाल्या, "आलं तर." डेरेकनंही विचारलं होतं. त्याला त्यांनी त्यांच्या इंग्रजीत सांगितलं, "इन केस." त्या पाचव्या ताटावर कधी कुणी ऑफिसातला पोरगा बसायचा, कधी कुणाची नुकतीच आलेली बायको. काकांच्या हाकेनं बहुतेक वेळा कुणी ना कुणी यायचंच.

येत नव्हतं ते फक्त बदक.

मग एका हिवाळ्यात काकांनी सांगितलं की, हा मोसम संपला की आम्ही कायमचे गावी चाललो. घर विकलं होतं, सामान बोटीनं जायचं होतं. "माझं आता एकच मागणं आहे," ते म्हणाले. "जायच्या आधी एक तरी विजन माझ्या पंगतीला बसलं पाहिजे. मारायचं नाही, काही नाही. बसलं पाहिजे. गावी गेल्यावर तळ्यावरच्या पोरांना काय सांगू? इतकी वर्षं तिकडं राहून एक माणूस जोडता आला नाही?"

पंगत हा शब्द मी माझा घालत नाही. ते खरोखरच पंगत मांडायचे. दोरीच्या दोन्ही टोकांना वजनं बांधून, तिच्यावर सारख्या अंतरानं बदकं अडकवून, खाजणातल्या त्या डबक्याच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ ओळ. मग दुसरी ओळ. मग तिसरी. मधे तसूभर पाणी मोकळं नाही. वारा सगळ्यांच्या चोची एकाच दिशेला वळवायचा, तेवढं सोडलं तर लग्नाच्या मांडवात शोभावी अशी. डेरेक कंबरेवर हात ठेवून बघायचा आणि दरवेळी म्हणायचा, "व्हेरी इंटरेस्टिंग."

"ऐकलंस?" काका मला म्हणायचे. "हे लोक उगाच कुणाची तारीफ करत नाहीत."

मी शिक्षणानं इंजिनिअर, पण मलाही ती मांडणी देखणीच वाटायची. आमच्याकडं वाकडी रांग केली की मास्तर छडी मारायचे. सरळ ओळीत काही चूक असू शकते, हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

शेवटच्या शनिवारी काकूही आल्या. "कुकर पॅक झाला," त्या म्हणाल्या, "आता घरी बसून काय मोजू?" पायात काकांचे जुने गमबूट, डोक्यावर काकांचीच दुसरी माकडटोपी, हातात डब्याची पिशवी. उजाडत होतं. काकांनी त्या दिवशी फार मन लावून ओळी मांडल्या. एक विजन थोडं तिरकं होतं, ते परत चिखलात जाऊन सरळ केलं. मग आम्ही चौघं बोरूच्या आडोशाला बसलो. आकाशातून विजनांचे थवे जात होते. खाली बघायचे, एक घिरटी घालायचे आणि निघून जायचे.

काकूंनी दोन थवे जाताना पाहिले. मग म्हणाल्या, "अहो, हे काय मांडलंय?"

"पंगत."

"ते दिसलं मला. येणारा बसणार कुठं?"

काकांनी माकडटोपी वर सरकवून ओळींकडे पाहिलं.

"सगळी पानं भरलेली. वरून बघणाऱ्याला वाटतं, पहिली पंगत बसली, आता आपला नंबर नाही. तो बिचारा दुसऱ्या मांडवात जातो. एक पान तरी रिकामं ठेवायचं की नाही? इतकी वर्षं घरी बघता ना?"

काय चाललंय, असं डेरेकनं मला विचारलं. मी भाषांतर केलं. डेरेकनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि अत्यंत अवघडून म्हणाला, "हो. म्हणजे, बरोबर आहे त्यांचं. उतरायला मधे जागा ठेवावी लागते. ते पहिलंच शिकवतात."

"तुला माहीत होतं?" काका किंचाळले. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस, भल्या माणसा?"

डेरेक आधीच लाल होता, तो आणखी लाल झाला. "मला वाटलं, धार्मिक काहीतरी असेल. त्या रांगा, कपाळावरच्या पट्ट्याला तू गंध म्हणायचास ते. तू इतक्या श्रद्धेनं मांडायचास. मधे बोलणं बरं दिसलं नसतं."

म्हणजे हा माणूस इतके हिवाळे, थंडीत कुडकुडत, एकही बदक येणार नाही हे पक्कं ठाऊक असताना, आमच्या नसलेल्या धर्मविधीचा मान राखून बसला होता. काकूंना आधी हसू आलं, मग त्यांनी पिशवीतून डबा काढून सगळ्यात मोठा पराठा त्याच्या हातावर ठेवला.

काका उठले, पाण्यात गेले आणि मधली पानं उठवली. काकू काठावरून सांगत होत्या, "तो गंधवाला काढा. अजून थोडी जागा करा. पाय पसरून बसू द्या त्याला." मधे मोकळं पाणी चकाकायला लागलं. काका परत येऊन बसले. त्यांनी एकदाच शिट्टी वाजवली. दुसऱ्यांदा तोंडाला लावली, तर काकूंनी त्यांचा हात खाली केला. "पुरे. डाळ होऊ द्या."

वरून उत्तर आलं. "फ्यूऽऊ." विजनाची एक जोडी वळली, वाऱ्याला सामोरी झाली, पाय पुढे सोडले आणि अलगद त्या रिकाम्या जागी उतरली. नरानं शेजारच्या प्लॅस्टिकवाल्याकडे बघून मान हलवली. डेरेकनं बंदूक हळूच उचलली.

आणि काका ताडकन उभे राहिले. दोन्ही हात पसरून, कन्येच्या लग्नात दाराशी उभ्या असलेल्या बापासारखे, सगळं खाजण दणाणून सोडत म्हणाले,

"या, या, या! बसा! बसा!"

बदकं कसली बसतात! दोन्ही फडफडत उडाली, आणि त्यांच्यामागून आजूबाजूची सगळी उठली. डेरेक इतका हसला की बंदूक बाजूला ठेवून चिखलात बसला. काका मात्र तसेच उभे होते, हात पसरलेले.

"बसले होते ना?" त्यांनी विचारलं.

"बसले होते," मी म्हणालो.

"किती वेळ बसले?"

"एक शिट्टी होईल एवढा," काकू म्हणाल्या, आणि टोपी पुढे ओढून डोळे पुसले. वारा होता, असं नंतर म्हणाल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात ते गेले. शिट्टी काकांनी बरोबर नेली, बदकांची गोणी डेरेकला दिली. आता तळ्याच्या बांधावरून कधीकधी फोन येतो. मागे विजनांचा आवाज असतो. किंवा कुकरचाही असेल, काकूंनी गास्केट अजून बदललेलं नाही.

मी आणि डेरेक अजूनही शनिवारी खाजणात जातो. मधे जागा सोडतो, आता बदकं येतात. चांगली डझनभर येतात. पण ती उतरली की डेरेकला राहवत नाही. तो उठतो, लांब हात पसरतो आणि म्हणतो, "या, या! बासा!" त्यामुळे त्याच्या फ्रीझरमध्ये यंदाही बदक नाही.

गेल्या खेपेला त्यानं फ्लास्क काढला आणि फळकुटावर चहाचे तीन मग मांडले. आम्ही दोघंच होतो.

"तिसरा कुणाला?" मी विचारलं.

तो मधल्या मोकळ्या पाण्याकडे बघत होता.

"इन केस," तो म्हणाला, आणि त्या मगमध्येही चहा ओतला.