अखाजीपर्यंतची मान

चहाचा शेवटचा घोट घ्यायचा तर मान मागे टाकावी लागते, हे मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत हजारो कप रिकामे केले होते, पण त्यात मानेचाही काही वाटा असेल असं कधी मनात आलं नव्हतं. जानेवारीत मानेची शस्त्रक्रिया झाली, गळ्याला पट्टा आला आणि प्रत्येक कपाच्या तळाशी बोटभर चहा उरायला लागला. चार दिवसांनी बायकोनं बशी आणून ठेवली. बशी तोंडाशी नेली की चहा आपणहून येतो, मान हलवावी लागत नाही. कॉलेजात ग्रंथपाल म्हणून लागलो तेव्हा मी बशी सोडली होती, कारण प्राध्यापक मंडळी कपानं पीत. इतक्या वर्षांनी पुन्हा फुर्रकन आवाज काढत प्यायलो, तेव्हा कळलं की चहा बशीतच चांगला लागतो. प्राध्यापकांचं ऐकून मी आणखी काय काय सोडलं, याचा विचार करायला पुढे भरपूर वेळ मिळाला.

दुखण्याची सुरुवात उजव्या हाताच्या दोन बोटांपासून झाली होती. ती बधिर होत गेली. आधी पेन निसटायचं, मग शर्टाची बटणं लागेनात. तपासण्या झाल्या आणि मानेतली एक चकती सरकून नस दाबते आहे असं निघालं. डॉक्टरांनी गळ्याच्या पुढच्या बाजूनं, तिथल्या सुरकुतीतच छोटा काप घेऊन चकती काढली आणि वरखालचे दोन मणके पट्टी-स्क्रूनं एकमेकांना बांधून टाकले. शस्त्रक्रियेबद्दल याहून जास्त सांगता येत नाही, कारण मी झोपलो होतो. तरीही भेटायला येणारा प्रत्येकजण, मी काही पराक्रम गाजवून आलो असावा तसा माझ्याकडे बघायचा. येताना केळी आणायचा. जळगावात आजाऱ्याला कोणी केळी नेत नसेल असं बाहेरच्यांना वाटतं. नेतात, आणि ती आपल्या मळ्यातली आहेत हे सांगून नेतात.

फक्त एका माणसाला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. ती म्हणजे धुळ्याची अक्का.

अक्का माझी मोठी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. आई लवकर गेली, तेव्हा धरणगावच्या घरात अक्कानंच मला वाढवलं. आमचा मधला भाऊ काही वर्षांपूर्वी एका किरकोळ म्हणवल्या गेलेल्या ऑपरेशनला गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून घरात कोणी तो शब्द काढला की अक्का उठून स्वयंपाकघरात जाते आणि भांडी लावायला लागते, ती आधीच लावलेली असली तरी. त्यामुळे मी ठरवलं, आधी सांगायचं नाही, नंतरही सांगायचं नाही, दुरुस्त होऊनच तिच्यासमोर उभं राहायचं. मुदत होती अखाजीपर्यंतची. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात. लेक अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली म्हणून हा नियम बदलत नाही. धरणगावचं घर गेल्यापासून जळगावच्या पिंप्राळ्यातलं आमचं घर हेच तिचं माहेर, आणि मी तिचे आईबाप.

पट्टा तोपर्यंत निघणार होता. काप सुरकुतीत लपला होता. अडचण पाण्याची होती. आमच्याकडे माठाशेजारी एकच पितळी तांब्या असतो आणि सगळे त्यानं वरून पाणी पितात, ओठ न लावता. हा अक्काचा कायदा आहे. लहानपणी कोणाचा ओठ लागला तर ती काही बोलायची नाही. सगळ्यांसमोर तांब्या उचलून राखेनं घासायला बसायची. आता राखेऐवजी साबण आहे, चेहरा तोच आहे. तिच्या लेखी वरून पाणी न पिणारी माणसं दोनच प्रकारची असतात, तान्ही आणि आजारी. चौसष्टाव्या वर्षी मी पहिल्या प्रकारात बसत नव्हतो.

दीड महिन्यानं फिजिओथेरपी सुरू झाली. दवाखाना घरापासून तीन गल्ल्यांवर. आत शिरताच उद्घाटनाचा मोठा फोटो: फीत कापणारे पाच मान्यवर. पाचही जणांच्या माना खांद्यांच्या वीतभर पुढे आलेल्या, जणू फीत दातांनी तोडायची होती. मी बघत राहिलो तशा तिथल्या फिजिओ मॅडम म्हणाल्या, "काका, तो फोटो मी शिकवायला ठेवलाय. अशी मान ठेवायची नाही."

मॅडम पंचविशी ओलांडलेल्या, कोकणातून इकडे सासरी आलेल्या. त्यांनी एक फॉर्म पुढे केला. त्यात शेवटी रकाना होता: 'रुग्णाचे ध्येय'. नोकरीच्या काळात मी ध्येयाचे इतके रकाने भरले होते, की हात आपोआप 'सर्वांगीण' लिहायला निघाला. मग थांबलो आणि खरं ते लिहिलं.

मॅडमनी वाचलं. "वरून पाणी पिणे?"

"हो. अखाजीपर्यंत."

"काका, लोक स्कूटर लिहितात. शेतात जाणं लिहितात. तुम्ही ग्लासानं प्या की."

मी त्यांना अक्काबद्दल सांगितलं. त्या गंभीर झाल्या. "माझ्या आजेसासूबाईंकडेही हेच आहे," म्हणाल्या, आणि फॉर्मवर ध्येयाखाली रेघ मारली. "पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाणी नाही. आणि जुळवलेले मणके हलणार नाहीत, ते आधीच सांगते. बाकीच्यांकडून काम काढून घ्यायचं."

हे मला लगेच समजलं. आमच्या कॉलेजातही दोन जण हलत नसत.

पहिला व्यायाम असा: तळवा कपाळावर ठेवायचा, कपाळानं तळवा ढकलायचा आणि तळव्यानं कपाळाला हलू द्यायचं नाही. दोन्हीकडून जोर, आणि जागचं काहीच हलत नाही. मग डावीकडून, उजवीकडून, मागून. मी विचारलं, "यानं काय होतं?" मॅडम म्हणाल्या, "ताकद येते." सभांना बसण्यात आयुष्य गेल्यामुळे मला शंका होती. तशा प्रकारे दोन्हीकडून जोर लावून काही न हलवण्याचा अनुभव मला होता, आणि त्यातून कोणाला ताकद आलेली बघितली नव्हती.

शेजारच्या खाटेवर रावेरकडचे एक केळी बागायतदार आबा असत. त्यांचा खांदा आखडला होता. भिंतीवरच्या चाकाला हात लावून ते गोल गोल फिरवायचे आणि माझ्याकडे बघत राहायचे.

"साहेब, तुमचं काय चाललंय?"

"पाणी प्यायला शिकतोय, आबा."

आबांनी चाक थांबवलं. "इतकी पुस्तकं वाचून हेच राहिलं होतं का?"

पंधरा दिवस मी दवाखान्यात शहाण्यासारखा व्यायाम केला आणि घरी केला नाही. घरी करायचा तक्ता फ्रिजवर चिकटवला होता. बायको येता-जाता त्याच्याकडे बघायची, मग माझ्याकडे. "अहो, तो तक्ता वाचायला दिलेला नाही," असं एकदा म्हणाली. मी सांगितलं की माझा या प्रकाराच्या परिणामकारकतेबद्दल अभ्यास चालू आहे.

दर रविवारी सकाळी अक्काचा फोन असे. शस्त्रक्रियेनंतर माझा आवाज बसला होता. गळ्याच्या पुढून काप घेतला की काही जणांचं तसं होतं म्हणे. अक्का माझ्याशी अहिराणीत बोलते, बायकोशी शाळेतल्या मराठीत.

"भाऊ, तुन्हा आवाज काबर बसेल शे?"

"सर्दी झालीये, अक्का."

"मागला रविवारले बी सर्दीच व्हती."

"तीच आहे."

तिनं हळद-मध सुचवला, ओव्याचा शेक सुचवला, मग एका ओळखीच्या माणसाबरोबर अडुळशाचं औषध पाठवलं. मी ते निमूटपणे घेतलं. एवढ्या खोट्यात कुठेतरी शिक्षा हवीच होती. माझं बोलणं दोन मिनिटांत संपायचं, मग फोन बायकोकडे जायचा आणि ती तो घेऊन गॅलरीत जायची. तिथे अर्धा-अर्धा तास कुरडया-पापडांच्या गोष्टी चालत, असा माझा समज होता.

मार्चच्या शेवटच्या रविवारी अक्का म्हणाली, "औंदा अखाजीले आठ दिस राहसू."

एरवी ती दोन दिवस राहते. आपल्या माठातलं पाणी नसलं तर तिला झोप येत नाही. दोन दिवस तर बाहेर काम काढून, रसाच्या वाट्या पिऊन मी निभावून नेले असते. आठ दिवस, तीन वेळची जेवणं, समोर तांब्या. मी फोन ठेवला आणि फ्रिजसमोर जाऊन तक्ता पहिल्यांदा नीट वाचला.

त्या दिवसापासून दिवसातून तीनदा. कपाळ, कानशिलं, मागचं डोकं. मग हनुवटी आत ओढायची. त्यानं माणूस अपमान गिळल्यासारखा दिसतो. खांद्याची पाती मागे जवळ आणायची. पाठीखाली टॉवेलची गुंडाळी घालून छातीचा भाग उघडायचा. मॅडमची युक्ती तिथेच होती. "मान मागे टाकायची नाही, काका. छाती वर उचलायची. मान नुसती तिच्याबरोबर जाईल." दर आठवड्याला त्या कंपासपेटीतल्यासारख्या एका साधनानं कोन मोजायच्या. कोन थोडा थोडा वाढत होता. बोटांमधली बधिरताही ओसरत होती. एक दिवस मी शर्टाची बटणं लावून टाकली आणि तिसऱ्या बटणापर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही. माझा परिणामकारकतेबद्दलचा अभ्यास तिथे गुपचूप बंद पडला.

डॉक्टरांनी गिळण्याची तपासणी करून परवानगी दिली. तरी मॅडमनी आधी आठवडाभर रिकामा तांब्या उचलायला लावला. आरशासमोर उभं राहून रिकाम्या तांब्यातून पाणी पिणारा माणूस फार विचारी दिसतो. मग चमचाभर पाणी, मग दोन घोट. पहिल्यांदा भरलेला तांब्या उचलला त्या दिवशी मी दवाखान्यातच छातीपर्यंत भिजलो. आबा खाटेवरून म्हणाले, "अंघोळ जमली. आता पिणं तेवढं राहिलं."

ते स्वतः त्याच दिवशी हात डोक्यापर्यंत नेऊ शकले होते. टोपी काढून, परत घालून दाखवली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. मी आजवर बरेच सत्कार बघितले आहेत. हा त्यातला सर्वांत योग्य कारणासाठी झालेला होता.

अक्का अखाजीच्या आदल्या दिवशी आली. ऊन असं, की रिक्षातून उतरून घरात येईपर्यंत तिच्या चपला तापल्या. मी पुढे होऊन पिशवी घ्यायला गेलो तर तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. जड वस्तू मला चार महिने मना होत्या. मला वाटलं, नशीब.

दुसऱ्या दिवशी नव्या घागरीत पितरांच्या नावानं पाणी भरलं. घागरीवर आंबा, खरबूज. अक्कानं दरवर्षीप्रमाणे मधल्या भावाचं नाव घेतलं. मग आमरस, सांजोऱ्या, सगळं यथासांग. जेवण संपलं तशी तिनं तांब्या माठात बुडवला, आधी स्वतः वरून प्यायली, एक थेंब न सांडता, आणि माझ्यापुढे धरला.

"पी."

मी छाती उचलली. पाणी घशात पडलं. एक घोट, दोन, तीन, चार. पाचव्याला एक ओघळ हनुवटीवरून निघून थेट त्या सुरकुतीत गेला. मी तांब्या खाली ठेवला. ओठ लागला नव्हता.

अक्का बघत होती. "धाकलपने तुले दोन वरीस लागनात," ती म्हणाली. "औंदा तीन महिनामाच जमनं."

मी बायकोकडे बघितलं. ती सांजोऱ्यांचा डबा बंद करण्यात फारच गुंतली होती.

"माले बठ्ठं माहीत शे," अक्का म्हणाली. "दोन महिना कोनले सर्दी ऱ्हास रे?"

"तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा पहिला फोन मी अक्कांनाच केला," बायको डब्याकडे बघत म्हणाली. "त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या."

"म्हणजे आधीपासून?"

"आधीपासून. मला नाही जमत हो, अक्कांशी खोटं बोलायला."

"आणि माझ्याशी?"

"तुमच्याशी जमतं."

अक्कानं बायकोकडे वळून मराठी लावली. "मीच म्हटलं ना तुला, त्याला बोलू नको. त्याला काही लपवायचं असलं की तो फार कष्ट करतो. पाचवीत गणितात नापास झाला, तेव्हा प्रगतिपुस्तक लपवायला आठ दिवस खपला होता. तेवढा गणिताला खपला असता तर पास झाला असता." मग पुन्हा माझ्याकडे, मराठी तशीच ठेवून. "तू घरी काहीच करत नाहीस, फ्रिजला कागद लावलाय नुसता, असं हिनं सांगितलं. म्हणून म्हटलं, आठ दिवस येते."

मला रागवायला हवं होतं. त्यासाठी लागणारा ताठा त्या क्षणी सापडला नाही. आमरस खूप झाला होता, आणि खरं सांगायचं तर तीन महिने आत धरून ठेवलेलं काहीतरी सुटलं होतं. बरं वाटत होतं. अक्का उठली, पदराच्या टोकानं माझ्या गळ्यावरचा तो ओघळ पुसला आणि सुरकुतीतल्या कापावर बोट फिरवून बघितलं, शिवण तपासावी तसं.

"चांगलं शिवेल शे," म्हणाली. आणि त्या दिवशी 'ऑपरेशन' हा शब्द घरात चारदा उच्चारला गेला, तरी स्वयंपाकघरातली भांडी आपल्या जागी राहिली.

आठ दिवस ती राहिली नाहीच. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. मी म्हटलं, "अक्का, आठ दिवस म्हणाली होतीस." तर म्हणाली, "काम व्हई गये." एसटी स्टँडवर तिला सोडायला बायको गेली, पिशवी उचलण्याची मला अजून परवानगी नव्हती.

व्यायाम मी अजून करतो, दिवसातून दोनदा, आणि आता त्यावर काही संशोधन चालू नाही. शेवटचा घोट कपातूनही घेता येतो, पण बशी मी सोडलेली नाही. आबांचा खांदा बरा झाला. जाताना ते दवाखान्यात सगळ्यांना पुरतील इतकी केळी ठेवून गेले आणि ती कोणाच्या मळ्यातली आहेत हेही सांगून गेले. दर रविवारी फोन येतो. अक्का आधी एकच प्रश्न विचारते.

"भाऊ, सर्दी कशी शे?"

"बरी शे, अक्का," मी म्हणतो, आणि फोन बायकोकडे देतो. ती आता गॅलरीत जात नाही. माझ्यासमोरच बसून सांगते, काल संध्याकाळचा व्यायाम ह्यांनी बुडवला म्हणून.